नागपुरातील सोसायटीचा ओला कचरा: खतखड्डा की बायोगॅस?

ओला कचरा आवारातच जिरवायचा, एवढे बहुतेक सोसायट्यांच्या सभेत ठरते. घोडे अडते ते पद्धतीवर. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ५,००० चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांकडून हीच अपेक्षा ठेवली आणि भांडेवाडीच्या कचरा डेपोवरचा भार तर सर्वांना ठाऊक आहे.

बायोगॅसचे आकर्षण मोठे आहे, पण हिशेब मांडून पाहावा. ५० किलो अन्नकचऱ्यातून दिवसाला साधारण ४ ते ५ घनमीटर वायू मिळतो आणि एक घनमीटर वायू सुमारे ०.४३ किलो एलपीजीचे काम करतो. म्हणजे आठवड्याला १४.२ किलोचा जेमतेम एक सिलिंडर वाचतो. वसतिगृहाच्या मेसमध्ये ही बचत दिसते, कारण शिजवायला मोठी चूल जवळच असते. फ्लॅटच्या सोसायटीत सामाईक चूलच नसते, आणि वायू नेमका कोणत्या घरी द्यायचा यावरून जो वाद होईल त्याचा खर्च कोणत्याही कोटेशनमध्ये धरलेला नसतो. मिथेन तयार करणाऱ्या जीवाणूंना ३५ ते ३७ अंशांची ऊब मानवते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वायू घटतो. नेमक्या त्याच दिवसांत घरोघरी संत्र्यांची साले साचतात, आणि सालीतील लिमोनीन हे तेल त्या जीवाणूंना मारक ठरते.

खतखड्ड्यात हीच साले बारीक करून पालापाचोळ्यात मिसळली तर कुजतात. खरी अडचण मे महिन्यातील उन्हाची आहे: ढिगात ५० ते ६० टक्के ओलावा हवा आणि पारा ४५ अंशांवर गेला की वरचा थर पाहता पाहता कोरडा पडतो, म्हणून सावली आणि ओली पोती अपरिहार्य आहेत. पावसाळ्यात उलट छप्पर लागते. तेव्हा कोरडा पाला मिळत नसल्याने उन्हाळ्यापूर्वी झडणारी कडुनिंबाची पाने पोत्यांत भरून ठेवावीत. गांडूळखताच्या वाटेला मात्र जाऊ नये. ३५ अंशांपुढे गांडुळे तग धरत नाहीत.

सामाईक स्वयंपाकघर नसेल तर माझा कौल खतखड्ड्याला आहे, मात्र ढीग नियमित खालीवर करणारा माणूस पगारावर नेमण्याची तयारी हवी. कोटेशन मागवण्यापूर्वी आठवडाभर कचरा तोलून पाहावा, आणि तो आठवडा महालक्ष्मीच्या जेवणावळींचा नसावा.