सूएक्झेकसोबत आठ महिने: चिडकं आहे, पण ठेवलंय

आमच्या सर्व्हरवर अपाची या वेब सर्व्हर प्रोग्रॅमचं सूएक्झेक चालू करून आठ महिने झाले. एकाच मशीनवर चौघांच्या सीजीआय स्क्रिप्ट (पान मागितलं की वेब सर्व्हर चालवतो ते छोटे प्रोग्रॅम) होत्या आणि सगळ्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या वेब सर्व्हरच्या एकाच युजरच्या नावाने चालायच्या. आपल्याच स्क्रिप्टने बनवलेली फाइल मालकाला बदलता येत नसे, आणि शेजाऱ्याची पासवर्डची फाइल मात्र त्याची स्क्रिप्ट खुशाल वाचू शकायची. सूएक्झेक ज्याची स्क्रिप्ट त्याच्या नावाने चालवतं. कॉन्फिगमध्ये प्रत्येक साइटला सूएक्झेकयुजरग्रुपची एक ओळ टाकायची, एवढंच दिसत होतं. अर्ध्या तासाचं काम, असं मी सगळ्यांना सांगूनही बसलो.

पहिला आठवडा नुसता ५०० चा एरर. एरर लॉगमध्ये एकच रडगाणं: ‘एंड ऑफ स्क्रिप्ट आउटपुट बिफोर हेडर्स’. हे वाचून कुणालाही स्क्रिप्टचाच संशय येईल. मी दोन संध्याकाळी पर्लच्या ओळी चाळत बसलो. टर्मिनलवर तीच स्क्रिप्ट बिनतक्रार चालत होती. शेवटी हात आपोआप सीएचमॉड ७७७ कडे, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी देणाऱ्या आदेशाकडे, वळला. इथे त्याने उलटंच होतं. स्क्रिप्ट किंवा ती ज्या फोल्डरात आहे तो फोल्डर मालकाखेरीज कुणालाही लिहिता येत असेल, तर सूएक्झेक ती चालवतच नाही. म्हणजे मी दार उघडत होतो आणि ते आतून कडी लावत होतं.

खरं कारण दुसऱ्याच फाइलमध्ये असतं: सूएक्झेकचा स्वतःचा लॉग. हे आधी कळलं असतं तर आठवडा वाचला असता. तिथे लिहिलं होतं, ‘डिरेक्टरी इज रायटेबल बाय अदर्स’. फोल्डर ७७५ वर होता (आकडे अनुक्रमे मालक, ग्रुप आणि इतरांच्या परवानगीचे; ७ मध्ये लिहिणं येतं, ५ मध्ये नाही). शेवटचा आकडा ५, म्हणजे ‘अदर्स’ना लिहिता येत नाही, मग तक्रार कसली? पण हा संदेश ग्रुपलाही ‘अदर्स’मध्येच धरतो. मधला ७ नडत होता. युमास्क (नव्या फाइल-फोल्डरांच्या परवानगीतून काय वगळायचं ते ठरवणारा आकडा) ००२ असल्यामुळे नवीन फोल्डर आपोआप तसाच बनायचा. ७५५ केलं, युमास्क ०२२ केला, चाललं. संदेशाची शब्दरचना मात्र मला आजही खटकते.

पुढची ठेच जास्त शिकवून गेली. ‘टार्गेट यूआयडी/जीआयडी (१००३/१००३) मिसमॅच विथ डिरेक्टरी (१००३/३३)’. हे युजर आणि ग्रुपचे क्रमांक; डेबियन लिनक्सवर ३३ म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. वेब सर्व्हरला वाचता यावं म्हणून फोल्डरचा ग्रुप बदलायचा, हे आपल्या सगळ्यांच्या बोटांत बसलेलं आहे. सूएक्झेकला मात्र फोल्डर आणि स्क्रिप्ट, दोन्हींचे मालक आणि ग्रुप कॉन्फिगमधल्या जोडीशी तंतोतंत जुळलेले हवेत. एक आकडा इकडेतिकडे झाला की नकार.

आता एरर आला की आधी आकडा बघतो. ४०३ असेल आणि लॉगमध्ये ‘सर्च परमिशन्स आर मिसिंग’ असं असेल, तर सूएक्झेकपर्यंत गाडी पोहोचलेलीच नाही. वाटेतल्या एखाद्या फोल्डरवर अपाचीलाच पाय ठेवता येत नाहीये. ‘नेमआय -एल’ या आदेशाला पूर्ण पाथ दिला की प्रत्येक पायरीचा मालक आणि परमिशन एकाखाली एक दिसतात. आमच्याकडे एकाचा होम फोल्डर ७०० वर होता, तिथेच सापडलं. ५०० असेल तर आधी सूएक्झेकचा लॉग. तिथे नकाराची ओळ नसेल तरच स्क्रिप्ट उघडायची.

तक्रारी आहेतच. डॉक्युमेंट रूट (ज्या फोल्डराच्या आतच स्क्रिप्ट असावी लागते तो) सूएक्झेक बिल्ड करतानाच आत पक्कं बसवलेलं असतं. ‘सूएक्झेक -व्ही’ दिलं की दिसतं. आमचं व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू होतं आणि एकाच्या स्क्रिप्ट होममध्ये. सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारा दुवा) देऊन पाहिली, पण ते खरा पाथ शोधून काढतं आणि ‘कमांड नॉट इन डॉकरूट’ म्हणतं. डेबियनचं ‘कस्टम’ नावाचं वेगळं पॅकेज टाकल्यावर रूट एका फाइलमधून बदलता आलं. दुसरं म्हणजे एन्व्हायर्नमेंट (स्क्रिप्टला बाहेरून मिळणारी व्हेरिएबल्स) धुऊन काढलं जातं. अपाचीच्या कॉन्फिगमध्ये सेटएन्व्हने दिलेला डेटाबेसचा पासवर्ड स्क्रिप्टपर्यंत पोहोचत नव्हता. आता तो ज्याच्या त्याच्या ६०० परमिशनच्या फाइलमध्ये असतो. खरं तर तो आधीपासून तिथेच असायला हवा होता.

पीएचपी मॉड्यूल म्हणून अपाचीच्या आत चालत असेल तर सूएक्झेकचा काही उपयोग नाही, ते त्या वाटेने जातच नाही. आमच्यातल्या एकाची साइट तशी आहे. त्याच्यासाठी एफपीएमचा (पीएचपी अपाचीच्या बाहेर चालवणाऱ्या सोयीचा) वेगळा पूल, वेगळ्या युजरसह, बनवायला घेतलाय. गेल्या आठवड्यात त्याचा निरोप आला: अपलोड होत नाहीये, तात्पुरतं ७७७ करू का?