फी आम्ही दिली, वकील त्यांचा निघाला

घर बघताना आम्ही नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारलं, गच्ची गळते का ते पाहिलं, पुराचं पाणी कुठवर आलं होतं याची शेजारच्या तीन घरांत चौकशी केली. वकिलाला एकही प्रश्न विचारला नाही. त्या एका चुकीपायी आमचे बारा लाख अडकले. त्यातले तीन लाख तर गेल्यातच जमा आहेत. सांगली-मिरजेत जुनं घर किंवा फ्लॅट बघत असाल तर हे शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती.

आम्ही सांगलीच्या गावभागात भाड्यानं राहत होतो. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. आमचा तळमजला पूर्ण बुडाला, सासूबाईंच्या लग्नातलं लाकडी कपाट फुगून उघडेना झालं. 2021 च्या जुलैत पुन्हा तीच बांधाबांध. तेव्हाच ठरवलं, आता पाणी येत नाही अशा भागात स्वतःचं घर घ्यायचं. मी शाळेत शिक्षिका, हे कुपवाडच्या एमआयडीसीत. पै-पै जमवून आणि दागिने मोडून एकोणीस लाख उभे केले, बाकीचं कर्ज काढायचं ठरलं.

2022 च्या दिवाळीनंतर एजंटनं विश्रामबागला एक घर दाखवलं. बैठं, दोन गुंठ्यांत, मागं पेरूचं झाड. वडिलांनी बांधलेलं, ते वारलेले, प्रॉपर्टी कार्डावर दोघा भावांची नावं. 52 लाखांना ठरलं. हॉलच्या भिंतीवर एक जुना फोटो होता, त्यात तीन भावंडं. मधली मुलगी, दोन वेण्या, हातात पाटी. मी तो फोटो नीट पाहिला, "किती गोड आहे हो," असंही म्हणाले. पुढं काहीच विचारलं नाही.

वकिलाचा विषय निघाला तेव्हा एजंट म्हणाले, "आपलाच माणूस आहे ताई, फी पण कमी घेईल." आम्ही आधी एका वकीलबाईंना विचारलं होतं. त्यांनी 20,000 सांगितले होते आणि तीन आठवडे लागतील म्हणाल्या होत्या. एजंटच्या वकिलांनी 7,000 सांगितले आणि चार दिवसांत सर्च रिपोर्ट, म्हणजे मिळकतीचे जुने दस्त तपासल्याचा अहवाल, हातात दिला. आम्हाला वाटलं, माणूस चटपटीत आहे.

तो रिपोर्ट आज पुन्हा वाचते तेव्हा जीव जळतो. अडीच पानं. "दुय्यम निबंधक कार्यालयात 30 वर्षांचा शोध घेतला असता सदर मिळकत निर्वेध व निजोखमी आढळून आली." म्हणजे मिळकतीवर कसलाही बोजा वा वाद नाही. शोध घ्यायचा तर सरकारी चलन भरावं लागतं, त्याची पावती निघते आणि चांगला वकील ती पावती रिपोर्टला जोडतोच. आमच्या रिपोर्टला काहीच जोडलेलं नव्हतं. चतुःसीमेत, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दींत, पूर्वेला "विहीर" लिहिली होती. त्या घराच्या पूर्वेला रस्ता आहे, आणि गल्लीत कुणाच्या आठवणीत कधी विहीर नव्हती. दुसऱ्याच कुणाच्या तरी रिपोर्टात नावं बदलून आम्हाला दिला होता. आम्ही फक्त शेवटची ओळ वाचली, "निर्वेध", आणि सुटकेचा श्वास सोडला.

मग त्या वकिलांनी साठेखत, म्हणजे पुढं खरेदी करण्याचा करार, केलं, पण नोंदणी न करता, नुसतं नोटरीसमोर. म्हणाले, "आत्ता रजिस्टर केलं तर मुद्रांक शुल्क आत्ताच भरावं लागेल, खरेदीखताच्या वेळी एकदमच भरू." वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची का असं ह्यांनी विचारलं, तर "उगाच गावभर कशाला करताय, दुसरं गिऱ्हाईक येऊन भाव वाढवेल" हे उत्तर. नऊ लाख आम्ही आरटीजीएसनं दिले. तीन लाख रोख, त्यांच्याच ऑफिसात, टेबलावर मोजून. पावती मागितली तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "घरातलीच माणसं आहेत वहिनी." स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोखीनं घेता येत नाहीत, आयकर कायद्यात 2015 पासून तशी तरतूद आहे. हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक नसेल, असं मी मानत नाही.

कर्जासाठी फाईल बँकेत गेली. बँकेच्या पॅनलवरच्या वकिलांनी आम्हाला समोर बसवून एकच प्रश्न केला, "या दोघांना बहीण आहे का?" माझ्या डोळ्यांसमोर तो भिंतीवरचा फोटो आला. घशाला कोरड पडली.

आमच्या वकिलांकडं गेलो. त्यांनी आधी सांगितलं, बहिणीचं लग्न 2005 च्या आधी झालंय, तिचा संबंध नाही. हे धादांत खोटं आहे, आणि आपल्याकडं शिकलेली माणसंसुद्धा यावर विश्वास ठेवतात, म्हणून सांगते. 2005 ची दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहे. वडिलांनी स्वतः घेतलेलं घर असेल आणि ते मृत्युपत्र न करता वारले असतील, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलीला मुलाइतका वाटा आहे. लग्न झालेलं असो वा नसो. वारसनोंद करताना भावांनी नाव वगळलं म्हणून तो वाटा जात नाही. प्रॉपर्टी कार्डावर नाव असणं आणि मालक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आम्ही हटत नाही म्हटल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून एक हक्कसोडपत्र काढलं. 2020 चं, स्टँपपेपरवर, नोटरीचा जांभळा शिक्का. बहिणीची सही. हक्कच नव्हता तर सोडपत्र कशाला करून घेतलं, हे विचारायचं त्या दिवशी सुचलं नाही. "बँकवाले उगाच काड्या करतात, माझ्या ओळखीच्या पतसंस्थेतून कर्ज करून देतो, तिथं एवढं बघत नाहीत," असंही म्हणाले. खरं सांगते, आम्ही जवळजवळ तयार झालो होतो. बारा लाख देऊन बसलेल्या माणसाला पुढंच जावंसं वाटतं. सासूबाई अडून बसल्या. म्हणाल्या, "त्या लेकीला एकदा भेटून या, मग काय करायचं ते करा."

तासगावला गेलो. बाईंनी पाणी दिलं, कागद हातात घेतला, चष्मा लावून नीट वाचला. मग सहीवर बोट ठेवलं. सहीत नावाआधी "सौ." होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमचे मालक 2016 ला गेले. 2020 ला मी सौ. म्हणून सही कशी करीन?" उठून बँकेचं पासबुक आणून दाखवलं, त्यावरची सही साफ वेगळी होती. मी त्यांच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं आणि मला रडू आलं. त्यांनीच मला सावरलं. आणि सांगितलं, वाटपाचा दावा त्यांनी 2021 मध्येच घातलाय, विजयनगरच्या कोर्टात चालू आहे.

परत येताना थेट त्या पहिल्या वकीलबाईंकडं गेलो, 20,000 सांगणाऱ्या. त्यांनी फाईल उघडण्याआधी विचारलं, "मालकांची नावं सांगा. मी कधी त्यांचं काम केलंय का, ते आधी बघते." हा प्रश्न पहिल्या वकिलांनी आम्हाला विचारला नव्हता, आणि आम्हीही त्यांना विचारला नव्हता. मग ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या सरकारी वेबसाइटवर जिल्हा निवडून त्यांनी थोरल्या भावाचं नाव टाकलं. दोन मिनिटांत दावा समोर आला. प्रतिवादी दोघे भाऊ, आणि त्याखाली त्यांच्या वकिलाचं नाव. आमचेच वकील. दीड वर्ष ते भावांच्या बाजूनं त्या दाव्यात उभे होते, आणि त्याच हातानं त्यांनी आम्हाला "निर्वेध" लिहून दिलं होतं.

जाब विचारला तेव्हा म्हणाले, "मी सर्च दिला तो रजिस्ट्रीचा. कोर्टातला दावा रजिस्ट्रीत दिसत नाही." एवढ्या शब्दांपुरतं ते खरंही असेल. पण दावा चालू असताना मिळकत घेतली तर निकाल घेणाऱ्यालाही बांधू शकतो, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 52 त्याबद्दलच आहे. म्हणून वकिलाला फी देताना स्पष्ट सांगा की रजिस्ट्रीबरोबर कोर्टाचाही शोध हवा, दोन्ही लेखी, आणि चलनाच्या पावतीसकट. ई-कोर्ट्सवर तर तुम्ही स्वतः फोनवर नाव टाकून बघू शकता, फुकट. तेवढं तरी एजंटच्या भरवशावर सोडू नका. बहिणी, आत्या, सावत्र भावंडं, कोण कोण आहे ते गल्लीत विचारा. हक्कसोडपत्र दाखवलं तर ते नोंदणीकृत आहे का बघा. नुसत्या नोटरीच्या कागदानं कुणाचा स्थावरातला हक्क सुटत नाही. आणि खरेदीखत रजिस्टर झालं म्हणजे सरकारनं मालकी तपासली असंही समजू नका. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात, टायटल तपासत नाहीत.

त्यानंतर आम्ही सगळी दारं ठोठावली. पोलिसांत अर्ज दिला, "दिवाणी स्वरूपाचं आहे" म्हणून परत आला. ग्राहक मंचात जायचं म्हटलं, तर 14 मे 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. तो रस्ता बंद. उरला अधिवक्ता कायद्याच्या कलम 35 खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडं तक्रारीचा. ती केली आहे. एका पक्षकाराचं काम करत असताना त्याच मिळकतीत दुसऱ्या बाजूला सल्ला देणं हे गैरवर्तनच आहे, असं आमच्या आताच्या वकीलबाईंनी तक्रारीत मांडलंय. कौन्सिल ताकीद देऊ शकतं, वकिलीची सनद काही काळ थांबवू शकतं, काढूनही घेऊ शकतं. आमचे पैसे मात्र त्यातून येणार नाहीत.

समाजातल्या दोन वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून भावांकडून चार लाख परत मिळवून दिले. उरलेल्या पाच लाखांसाठी आम्ही दावा घातलाय. मुदत तीन वर्षांची असते, म्हणून वेळेत घातला. रोखीचे तीन लाख भावांनी सरळ नाकारले, आणि वकिलांना त्या दिवसाचं काही आठवत नाही.

आम्ही अजून गावभागातच आहोत. या पावसाळ्यातही कागदपत्रांची पेटी माळ्यावर चढवून ठेवली. विजयनगरला आमच्या दाव्याची तारीख बऱ्याचदा बहिणीच्या दाव्याच्या आसपास पडते. त्या तासगावहून सकाळच्या एसटीनं येतात, मी शाळेत अर्धी रजा टाकते. पुकारा होईपर्यंत आम्ही दोघी एकाच बाकावर बसतो. मागच्या तारखेला त्यांनी घरून थालीपीठ करून आणलं होतं.