परदेशातील इंटर्नशिप: सिलिकॉन की पेरोव्स्काइट?

सौरघटांच्या भौतिकीवर परदेशी प्रयोगशाळेत दोन-तीन महिने काम करणाऱ्याने कोणता पदार्थ निवडावा? सिलिकॉनचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे; तो अप्रत्यक्ष असल्यामुळे सिलिकॉन प्रकाश क्षीणपणे शोषतो आणि त्याची चकती शंभराहून अधिक मायक्रोमीटर जाड लागते. तिच्यावरील प्रक्रिया दीर्घ असल्याने अल्पकाळ आलेल्याच्या वाट्याला मुख्यतः मोजमापे येतात, पण त्यामागचा सिद्धांत पक्का असतो.

पेरोव्स्काइट या शिसेयुक्त स्फटिकी पदार्थाला मात्र अर्ध्या मायक्रोमीटरचा थर पुरतो आणि तो द्रावणातून सुमारे १०० अंश सेल्सिअसला तयार होतो, म्हणून विद्यार्थी स्वतः घट बनवू शकतो, तो बिघडल्यास पुन्हा बनवू शकतो, आणि व्होल्टेज वाढवताना आणि कमी करताना मोजलेले विद्युतप्रवाहाचे वक्र का जुळत नाहीत यामागे सरकणारे आयन आहेत का, हे तपासू शकतो. २००९ मध्ये ३.८ टक्के असलेली त्याची कार्यक्षमता आज २५ टक्क्यांपुढे आहे. ओलाव्याने होणारी झीज आणि शिशाची विषारीता ध्यानात घेऊनही माझा कौल पेरोव्स्काइटलाच आहे.