रक्त वाढवण्यासाठी सुई की उटी?

लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी ईपीओचे, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाचे, इंजेक्शन घ्यावे की काही आठवडे उंचीवरील विरळ हवेत राहून शरीरालाच त्या वाढवू द्याव्यात, असे आमच्या परतवाड्याकडील धावणारी मुले हल्ली दबक्या आवाजात विचारतात. हा प्रश्न माझ्यापुढेही आला होता.

इंजेक्शनाने वेळ सुधारते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मूत्रपिंडात तयार होणारे हे संप्रेरकच बाहेरून दिले जाते, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. परंतु त्याने रक्त दाट होते, आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात घामाने पाणी गेलेल्या शरीरात गुठळीची भीती अधिकच वाढते. ऑलिंपिक समितीची बंदी १९९० पासूनची आहे.

माझे मन मात्र एका लहानशा गोष्टीने फिरले. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. मला दाखवलेली कुपी थर्मासात होती. बर्फाचे पाणी झाले होते, लेबल भिजून सुटले होते, आणि आणणारा ‘काही होत नाही भाऊ’ म्हणत होता. पावती नव्हती, आणि आरोग्य केंद्रातील ज्या डॉक्टरांना मी गुडघेदुखीपासून सगळे विचारतो, त्यांना हे एवढेच विचारता येत नव्हते.

उंचीचा मार्ग संथ आणि खर्चिक आहे. चिखलदरा हाकेच्या अंतरावर असले, तरी सुमारे ११०० मीटरवर घाट आणि गारवा मिळतो. रक्त वाढण्यास साधारण २००० मीटर आणि तीन-चार आठवडे लागतात. म्हणून सोयाबीन निघाल्यावर मी उटीला गेलो. उटी जवळपास मेक्सिको सिटीइतकीच उंच आहे, जिथे १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये केनियाचे धावपटू नफ्ताली टेमू यांनी १०,००० मीटर २९ मिनिटे २७.४ सेकंदांत जिंकले, म्हणजे तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा पावणेदोन मिनिटांहून अधिक उशिराने. त्यामुळे पहिल्या आठवड्यात माझा दम तुटू लागला, तेव्हा मी घाबरलो नाही.

जाण्यापूर्वी रक्तातील फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासावे, कारण शरीरात लोह नसेल तर उंचीचा उपयोग होत नाही. सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही करावी. आपल्याकडे वाहक बरेच आहेत आणि त्यांना उंचीवरील जोराची धाव धोक्याची ठरू शकते.

परतल्यावर कालव्याच्या रस्त्यावर शेवटच्या किलोमीटरला श्वास उरू लागला. थंडी पडली होती, तिचाही वाटा असेल. तरी यंदा मी पुन्हा जाणार आहे. खोलीचे भाडे वाटून घेण्यास दोन मुले तयार असून त्यांचे सिकलसेलचे अहवालही आले आहेत.