शेवटचे आठ आणे आपले: जिओकॅशिंग, कोल्हापुरातल्या एका घराचा अनुभव

मी बँकेत कॅशला बसते. त्यामुळं 'जिओकॅशिंग' हा शब्द घरात पहिल्यांदा आला तेव्हा आबांनी मलाच विचारलं, "हे पैशाचं काय आहे काय?" पैशाचा काही संबंध नाही. कुणीतरी एक लहान डबा बाहेर कुठंतरी लपवून ठेवतं, त्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतं, आणि आपण फोनच्या जीपीएसवर तो शोधत जायचं. सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची, डबा होता तिथं, होता तसा ठेवायचा आणि ॲपवर नोंद करायची. इंग्रजीत त्या डब्याला कॅश म्हणतात. आमच्याकडं डबाच म्हणतात, म्हणून मीही इथं डबाच लिहिते.

दोन दिवाळ्यांपूर्वी पोरांच्या सुट्टीत हे सुरू केलं. मी, नवरा, सहावीतला थोरला, दुसरीतली धाकटी आणि आबा, म्हणजे माझे सासरे. आबा मोजणी खात्यात भूकरमापक होते. गावोगाव बांधावर साखळी टाकण्यात त्यांची नोकरी गेली. ॲप कसं आहे हे सांगण्याआधी आबांचं सांगायला हवं, कारण ते नसते तर आम्ही तिसऱ्या रविवारीच कंटाळून घरी बसलो असतो.

झालं असं की पहिल्या दोन्ही वेळा आम्ही हात हलवत परत आलो. फोनवरचा बाण नीट नेतो, अंतर कमी होत जातं, चाळीस मीटर, वीस, आठ, आणि मग एकदम गोंधळ. चार मीटर म्हणतो, दोन पावलं टाकली की अकरा म्हणतो, बाण मागं वळतो. पोरं फोन हातात धरून गोल-गोल फिरत बसली. नवऱ्याला वाटलं फोनच खराब आहे. आबांनी विचारलं, "हे यंत्र किती चुकतं?" मी वाचलं होतं ते सांगितलं: साध्या फोनचं जीपीएस मोकळ्या आभाळाखाली साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतं, झाडी, कडा, भिंत आली की सिग्नल आपटून येतो आणि चूक वाढते. आबांनी क्षणभर हिशेब केला. त्यांची साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे, म्हणजे आठ आणे साडेसोळा फूट, पाचेक मीटर. "म्हणजे आठ आण्याचा फरक की! मग तेवढं आपण शोधायचं."

हा खेळ मला समजला तो त्या वाक्यानं. ॲप तुम्हाला आठ आण्यांपर्यंत आणून सोडतं. पुढं फोन खिशात ठेवायचा.

तिसऱ्या वेळेला शहराबाहेरच्या एका टेकडीवर गेलो. कुठली ते सांगत नाही. सांगितलं तर पुढं जाणाऱ्याची मजा जाते, आणि या खेळात ती मोठी बेअदबी समजतात. उतारावर काळ्या दगडांची रास होती, शे-दीडशे दगड असतील. थोरला एकेक उचलायला लागला तसं आबांनी थांबवलं. हद्दीचा दगड गवतात हरवला की ते कसा शोधायचे ते सांगितलं: पडलेला दगड वेगळा आणि ठेवलेला दगड वेगळा. पडलेला दगड मातीत बसतो, त्याच्या कडेनं गवत उगवतं. ठेवलेला नुसता टेकलेला असतो. पोरं गुडघ्यावर बसून बघायला लागली. पाचेक मिनिटांनी धाकटी म्हणाली, "आबा, ह्या दगडाचं फूल खाली गेलंय." उघड्यावरच्या दगडांच्या पाठीवर पांढुरके-करडे गोल डाग असतात ना, मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातीतले, ते इतर सगळ्या दगडांवर वरच्या बाजूला होते. या एकावर ते खालच्या कडेला, मातीकडं वळलेले, आणि वर तपकिरी, मातीचा रंग लागलेली बाजू. म्हणजे कुणीतरी हातानं उलटा केलेला. काठीनं तो सरकवला तर मागं हाताच्या मुठीएवढी प्लॅस्टिकची डबी. आत झिपच्या पिशवीत गुंडाळलेली कागदाची पट्टी, पेन्सिलीचा तुकडा, एक परदेशी नाणं आणि एक निळी गोटी. धाकटीनं गोटी घेतली आणि त्या जागी बोटाएवढ्या कोल्हापुरी चपलेचं किचेन ठेवलं. काही घेतलं तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचं ठेवायचं असा नियम आहे. खायचं मात्र काही ठेवायचं नाही, वासानं जनावरं डबा फोडतात.

आता ॲपविषयी. आम्ही वापरतो ते जिओकॅशिंग डॉट कॉमचं, सिॲटलच्या कंपनीचं. मुळात हा खेळ कंपनीनं काढलेला नाही. अमेरिकेचं सरकार नागरिकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत असे, शंभरेक मीटरची. 2 मे 2000 पासून ती काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ऑरेगनमध्ये पोर्टलँडजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. आत काही वस्तू, एक वही-पेन्सिल, आणि म्हणणं एवढंच की काही घ्या, काही ठेवा. वेबसाइट त्याच वर्षी सप्टेंबरात आली. आज जगभरात तीस लाखांहून जास्त डबे आहेत. हे ऐकून आबा म्हणाले, "तेव्हा माझ्या हातात साखळीच होती." आता त्यांच्याच खात्यात मोजणीला रोव्हर नावाचं जीपीएस यंत्र आलंय, जे जमिनीवरच्या पक्क्या केंद्राकडून दुरुस्ती घेतो आणि सेंटिमीटरपर्यंत जातो. आपल्या फोनला ती दुरुस्ती नाही, म्हणून आपले आठ आणे.

ॲप शिकायला सोपं आहे. नकाशावर ठिपके असतात, ठिपक्याला हात लावला की डब्याचा आकार, शोधायला किती अवघड आणि वाट किती अवघड हे एक ते पाचमध्ये दिसतं. पोरांना घेऊन जाणाऱ्यांनी वाटेचा आकडा आधी बघावा, शोधण्याचा नंतर. वाट दीड-दोनच्या वर असेल तर आम्ही आबांना नेत नाही आणि आबांशिवाय जात नाही, म्हणून तो डबा राहतो. फुकटच्या खात्यावर सगळे डबे दिसत नाहीत. काही वर्गणी भरणाऱ्यांपुरते असतात. आम्ही वर्गणी भरलेली नाही आणि कोल्हापुरात राहून सुरुवातीलाच भरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कारण आपल्याकडं ठिपकेच मोजके. युरोपातल्या एखाद्या गावात जेवढे दिसतात तेवढे आपल्याला कित्येक किलोमीटर नकाशा सरकवूनही दिसत नाहीत, आणि जे दिसतात त्यातलेही काही जागेवर नसतात. पावसानं वाहून गेले, कुणी उचलून नेले, डबा ठेवणारा मालक गाव सोडून गेला. जाण्याआधी शेवटची नोंद कधीची आहे ते बघून निघावं.

एक गोष्ट मला मनापासून आवडली. न सापडल्याची नोंदही करायची असते, डीएनएफ म्हणतात तिला, 'डिड नॉट फाइंड'. त्यावरून मालकाला कळतं की जाऊन बघायला हवं. शाळेत चुकलेलं गणित खोडरबरानं पुसून टाकणारा माझा थोरला "आम्ही एक तास शोधला, सापडला नाही" असं स्वतः टाइप करतो. तेवढ्यासाठी मी या ॲपला अर्धा गुण जास्त देईन.

आकड्यांची एक चूक सगळ्यांनी टाळावी. इथं जागा अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. कोल्हापूर उत्तर 16 अंश 42 मिनिटं, पूर्व 74 अंश 14 मिनिटं असं. थोरल्यानं एकदा ते दुसऱ्या नकाशात 16.42 आणि 74.14 असं टाकलं आणि टाचणी थेट मुरगूडच्या बाजूला जाऊन पडली, तीसेक किलोमीटर लांब. आबांनी पाटीवर समजावलं: 60 मिनिटांचा एक अंश, म्हणजे 42 मिनिटं हे 0.7 अंश. उत्तर-दक्षिण एक मिनिट म्हणजे 1852 मीटर, म्हणून मिनिटाचा हजारावा भाग पावणेदोन-दोन मीटर. तिसऱ्या दशांशातला एक आकडा चुकला तर एक पाऊल चुकतं, पहिल्या दशांशातला चुकला तर ओढ्यापलीकडं जाता. दशांश अपूर्णांक याहून चांगले शिकवलेले मी बघितले नाहीत.

ठिपके कमी म्हणून आम्ही घरचेच डबे लपवायला लागलो, मामाच्या शेतात, भाच्या-पुतण्यांपुरते. ॲपवर टाकायचा तर जागामालकाची परवानगी लागते, दुसऱ्या डब्यापासून 161 मीटर अंतर लागतं, खड्डा खणून पुरता येत नाही, आणि स्वयंसेवक तपासतात मगच तो दिसतो. घरच्या डब्याला हे काही नाही, पण नियम चांगले आहेत म्हणून आम्ही पाळतो. खुणेची ओळ मूळ खेळात इंग्रजी अक्षरं तेरा घरं सरकवून लिहितात. आमची पोरं ती 'च'च्या भाषेत लिहितात. "चगडामागंद" म्हणजे दगडामागं. एवढं सगळ्यांना येतं.

पहिला घरचा डबा उसाच्या बांधावर ठेवला होता. ऊस तुटून गेला, मामानं पाचट पेटवलं, आणि डब्याचा काळा गोळा झाला. वहीत चार पोरांची नावं होती. धाकटी दोन दिवस बोलली नाही. मामालाही फार वाईट वाटलं, त्याला जागा माहीतच नव्हती. परवानगी घेणं म्हणजे नुसतं "ठेवू का?" विचारणं नव्हे, जागा दाखवणंसुद्धा, हे आम्हाला तिथं कळलं. दुसरा डबा शहरातल्या एका दुकानातून 'वॉटरप्रूफ' म्हणून आणला. पहिल्याच पावसाळ्यात आत अर्धा इंच पाणी, वहीचा लगदा. त्यामुळं डबा घेताना रबराची कडी आणि चारही बाजूंची क्लिप बघाच, पण घरी आणल्यावर आत कोरडा टिश्यू घालून रात्रभर पाण्याच्या बादलीत दाबून ठेवा. सकाळी टिश्यू कोरडा निघाला तरच वापरा. पेन नको, पेन्सिल ठेवा. ओलाव्यात शाई पसरते, शिसं टिकतं. बुटांच्या खोक्यात येते ती ओल शोषणारी पुडी टाका.

पन्हाळ्याचं पुष्कळ जण विचारतात. गड संरक्षित स्मारक आहे, 2025 च्या जुलैत जागतिक वारसा यादीत गेलाय. तिथं भिंतीच्या फटीत डबा खुपसणं मला पटत नाही. तिथं डब्याशिवाय खेळा. आम्ही घरी बसून जागांचे आकडे काढले, प्रत्येक जागेला एक प्रश्न. अंबरखान्याच्या तीन कोठारांची नावं काय? (गंगा, यमुना, सरस्वती.) अंधारबावीत किती पायऱ्या उतरल्यावर फोनवरचे उपग्रह नाहीसे होतात? हा प्रश्न थोरल्यानं काढला. तो पायरी मोजत उतरत होता आणि धाकटी फोनकडं बघून वरचे आकडे ओरडत होती. जांभा दगड कुठं संपतो आणि काळा कुठं सुरू होतो, हे शोधायला तर अख्खी दुपार गेली. मग झुणका-भाकर, मडक्यातलं दही. मूळ खेळातही असा प्रकार आहे, अर्थकॅश. त्यात डबा नसतो, त्या जागेच्या दगड-मातीविषयी प्रश्न असतात आणि उत्तरं मालकाला पाठवायची असतात.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात गवत कंबरेएवढं आणि त्यात काय असेल सांगता येत नाही. बिळात, कपारीत हात घालायचा नाही, आधी काठी. पोरांना हे दर वेळी सांगावं लागतं, मी दर वेळी सांगते. फोनची बॅटरी भराभरा उतरते, पॉवर बँक न्यावी.

आणि लोक. मूळ खेळात बघणाऱ्यांपासून लपून शोधायचं असतं. आपल्याकडं ते जमत नाही आणि करूही नये. चार माणसं खाली वाकून काही बघताहेत म्हटल्यावर रस्त्यानं जाणारा थांबणारच. "काय शोधालाय? काय हरवलंय?" आम्ही सरळ सांगतो. एकदा एका मेंढपाळ आजोबांनी काठी टेकवून अर्धा तास आमच्याबरोबर शोधलं. बाहेरच्या देशांत बेवारस डब्यामुळं बॉम्बची भीती पसरून पोलीस आल्याचे प्रकार झालेत. देवळाजवळ, स्टँडवर, बाजारात डबा ठेवूच नये, आणि ठेवाल तो पारदर्शक असावा. आमच्या आताच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत चिकटवलंय: "हा मुलांच्या खेळाचा डबा आहे. आत वही आणि खेळणी आहेत. उघडून बघा, नाव लिहा, परत इथंच ठेवा."

तो डबा मामाच्या विहिरीजवळ जांभळाच्या बुंध्यात ठेवलाय, मामाला जागा दाखवून. गेल्या महिन्यात बघायला गेलो. टिश्यू कोरडा होता. वहीत आमच्या पोरांच्या नावांखाली एक अनोळखी अक्षर होतं, नाव नव्हतं: "डबा बघितला. पेन्सिल बोथट होती. टोक काढून ठेवले आहे."