महारेराचे संकेतस्थळ : बुकिंगचा चेक फाडण्याआधी वाचायची पाने

महाराष्ट्रात नव्या प्रकल्पात सदनिका घेणाऱ्यांना विनामूल्य मिळणाऱ्या सेवांमध्ये महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळाइतकी उपयोगाची दुसरी सेवा नाही, असे माझे ठाम मत आहे. त्यामागचा स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, म्हणजेच ‘रेरा’ कायदा, २०१६ चा. त्यातील नोंदणीच्या तरतुदी १ मे २०१७ पासून लागू झाल्या. ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका अशा छोट्या प्रकल्पांना सूट आहे. बाकी कोणत्याही नव्या प्रकल्पाची नोंदणीशिवाय जाहिरातही करता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणे बंधनकारक असल्यामुळे वर्तमानपत्रातील पानावरूनही थेट त्या प्रकल्पाच्या नोंदीपर्यंत पोहोचता येते. दुर्दैवाने बहुतेक ग्राहक ‘रेरा नंबर आहे ना?’ एवढे विचारून समाधान मानतात आणि त्या क्रमांकामागे काय दडले आहे ते उघडून पाहत नाहीत.

नात्यातील एका कुटुंबासाठी पुण्याच्या पश्चिम भागातील एका प्रकल्पाची नोंद मी त्यांच्यासोबत बसून वाचली. माहितीपत्रकात २२ मजली इमारत होती, संकेतस्थळावर मात्र १४ मजलेच मंजूर दिसत होते आणि वरचे ‘प्रस्तावित’ होते. त्यांना दाखवलेली सदनिका सतराव्या मजल्यावर होती, म्हणजे जिला अद्याप परवानगीच नव्हती अशी वस्तू त्यांना विकली जात होती. ताब्याच्या तारखेतही असाच फरक होता. विक्री प्रतिनिधी सांगत होता त्यापेक्षा नोंदीतील पूर्णत्वाची तारीख दोन वर्षे पुढची होती. कायद्यापुढे चर्चेतील तारखेला किंमत नाही. करारात लिहिलेली तारीख मोजली जाते आणि विकासक ती सहसा नोंदीशी जुळवून घेतो. मुदतवाढ घेतली असल्यास मूळ आणि सुधारित अशा दोन्ही तारखा दिसतात, त्यामुळे त्याच विकासकाचे आधीचे प्रकल्प उघडून त्याने किती वेळा मुदत वाढवून घेतली तेही पाहावे.

क्षेत्रफळाच्या बाबतीत ही नोंद फार मोलाची ठरते. येथे चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये दिलेले असते आणि त्याला १०.७६४ ने गुणले की चौरस फूट मिळतात. चटई क्षेत्रात आतल्या भिंती धरल्या जातात, परंतु बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. ‘एक हजार पन्नास सेलेबल’ (म्हणजे भिंती, जिने, लॉबी यांचा वाटा धरून फुगवलेले चौरस फूट) असे सांगितलेली सदनिका नोंदीत ६२.४० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६७२ चौरस फूट भरली, आणि दराची तुलना त्या आकड्यावर करताच शेजारचा ‘महाग’ प्रकल्प स्वस्त ठरला.

मात्र सर्वाधिक वेळ द्यावा तो सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्राला, म्हणजे फॉर्म तीनला. प्रकल्पाचा अंदाजित खर्च किती, आतापर्यंत झालेला किती, विकलेल्या सदनिकांपोटी येणे किती आणि न विकलेल्या किती, हे त्यात मांडलेले असते. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र बँक खात्यात ठेवण्याचे आणि अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यांनंतरच कामाच्या प्रमाणात काढण्याचे बंधन कायद्याने घातले आहे, त्यामुळे हे दाखले म्हणजे केवळ औपचारिकता नव्हे. ज्या प्रकल्पात विक्री बरीच झाली आहे, काम मात्र रेंगाळलेले आहे आणि उरलेला खर्च येणे रकमेपेक्षा कितीतरी मोठा आहे, तिथे पैसा कोठून येणार हा प्रश्न थेट विकासकाला विचारावा. दाखले जुने असतील, तिमाही माहिती भरलेलीच नसेल, तर तोही इशाराच समजावा. जमिनीच्या कायदेशीर हक्काचा अहवाल, तिच्यावरील बोजा आणि न्यायालयीन दाव्यांची यादी याच ठिकाणी मिळते. कागद बहुतांशी इंग्रजीत असतात, ही सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने खरी अडचण आहे. हक्काचा अहवाल तरी वकिलाला दाखवावाच.

या सेवेची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. नोंदणी म्हणजे बांधकामाच्या दर्जाची हमी नव्हे. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींच्या प्रकरणात महापालिकेच्या बनावट परवानग्यांच्या आधारे नोंदणी मिळवली गेली होती, आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदा इमारती पाडण्याचे आदेश दिले. तिथे घरे घेतलेल्या कुटुंबांनी रेरा क्रमांकावर विश्वास ठेवला होता, याचे फार वाईट वाटते. म्हणून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी आणि तिचा क्रमांक व तारीख महापालिकेच्या नगररचना किंवा बांधकाम परवानगी विभागात जाऊन पडताळावी. अर्ध्या दिवसाचे हे काम टाळू नये.

पैशांबाबत एक नियम पक्का लक्षात ठेवावा : विक्री करार नोंदवल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ‘आजच भरा, दर वाढणार आहे’ असा आग्रह झाला तरी ही मर्यादा बदलत नाही. ताबा लांबल्यास प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह परतावा मागता येतो, किंवा ताबा मिळेपर्यंत विलंबाचे व्याज घेता येते. राज्यात हा दर स्टेट बँकेच्या कर्जाच्या सर्वोच्च सीमांत खर्चाधारित दरापेक्षा (एमसीएलआर) दोन टक्के अधिक आहे. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि तिचे शुल्क ५,००० रुपये आहे. समेटाची तयारी असेल तर सलोखा मंचाचा मार्गही उपलब्ध आहे. आदेश मिळूनही विकासकाने पैसे दिले नाहीत, तर वसुलीचा वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करायची असते. सर्वाधिक चिकाटी याच टप्प्यावर लागते, म्हणून वॉरंट निघाल्यानंतर तहसील कार्यालयात स्वतः पाठपुरावा करत राहावे.

पुनर्विक्रीची जुनी सदनिका घेणाऱ्यांना मात्र या संकेतस्थळाचा फारसा उपयोग नाही. त्यांनी भोगवटा प्रमाणपत्र, मागील सर्व करारांची साखळी, सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, ‘इंडेक्स टू’), सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि जमिनीचे अभिहस्तांतरण (सोसायटीच्या नावे मालकी, ‘कन्व्हेयन्स’) झाले आहे की नाही, हे पाहावे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-शोध सुविधेवर आधीचे दस्त तपासता येतात.