४,२९९ रुपयांची हवा

सह्याद्रीत वीसेक वर्षं फिरतेय, पण फुगवायची मॅट कधी घेतली नव्हती. हरिश्चंद्रगडाची गुहा असो की राजमाचीतल्या एखाद्या घराची ओसरी, सॅकला बाहेरून बांधलेली फोमची कॅरीमॅट पुरायची. पंचेचाळिशीनंतर कंबर कुरकुरायला लागली आणि त्यातच डिसेंबरात उत्तराखंडातला केदारकंठाचा बर्फातला ट्रेक ठरला. एजन्सीबरोबर गेलं की मॅट, स्लीपिंग बॅग सगळं तेच देतात. आम्ही चौघी मात्र पायथ्याच्या सांक्री गावचा ओळखीचा गाइड घेऊन आपल्या आपण जाणार होतो. म्हणून ही खरेदी.

जाहिरात मोबाइलवर आपणहून आली. बर्फ, निळा तंबू, मॅटवर पालथी पडून कॉफी पिणारी मुलगी. आर व्हॅल्यू (म्हणजे जमिनीची थंडी अडवायची ताकद) ५.८, उणे २० डिग्रीपर्यंत चालेल, वजन ५२० ग्रॅम, किंमत ४,२९९. नावाजलेल्या कंपन्यांच्या एवढ्या उबेच्या मॅटला याच्या कितीतरी पट पैसे पडतात. इथेच शंका यायला हवी होती. मला मात्र आपण फार हुशारीनं शोधलंय असं वाटलं. व्हॉट्सअॅपवर विचारलं, तर पलीकडचा माणूस अगदी जाणकारासारखा बोलला. "मॅडम, आत अॅल्युमिनियमचा थर आहे. आणि ब्रँडेड मॅट कुशीवर वळलं की चुरचुरते, आपली अजिबात आवाज करत नाही." मी खूश. कॅश ऑन डिलिव्हरी नव्हतं. यूपीआयनं पैसे भरले.

मॅट चार दिवसांत आली. फुगवली, हॉलमधल्या फरशीवर दहा मिनिटं लोळले. मऊ, जाड, छान. परत करायची मुदत सात दिवस होती, ती अशीच निघून गेली. पुण्यातल्या नोव्हेंबरच्या फरशीवर कळणार तरी काय? या मालाची परीक्षा बर्फावरच होते, आणि तिथे पोचेपर्यंत मुदत संपलेली असते. विकणाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

सांक्री उत्तरकाशी जिल्ह्यात, डेहराडूनहून दोनशे किलोमीटरच्या आसपास. तिथून चढून पहिला मुक्काम जुडा का तालाबपाशी. तळं गोठलेलं, तंबूखाली दाबून सपाट केलेला बर्फ. नऊला झोपलो. बाराच्या सुमारास जाग आली ती कुल्ल्याच्या हाडापाशी. पोट गरम, छाती गरम आणि कमरेखाली कुणी बर्फाची लादी सरकवल्यासारखं. कूस बदलली की पाच मिनिटांत ती बाजू गार. आधी वाटलं, हवा गेली. दाबून पाहिलं, तर मॅट टणक. हवा जागच्या जागी होती, ऊब नव्हती. अंगाखाली विंडचीटर घातला, रिकामी सॅक घातली, उद्याचे कपडेही घातले. शेजारणीची स्लीपिंग बॅग माझ्यासारखीच, दोघींनी एकाच दुकानातून भाड्यानं आणलेली. ती ढाराढूर.

दीडला गाइडला उठवलं. त्यानं मॅटला हात लावला, काही बोलला नाही आणि किचन टेंटमधून एक मळकी, कडा कुरतडलेली फोमची मॅट आणून माझ्या मॅटखाली सरकवली. "दीदी, अब सो जाओ." अर्ध्या तासात झोप लागली. पुढचे मुक्काम त्या मळक्या मॅटच्या जिवावर काढले.

परत आल्यावर जे वाचलं, ते जाण्याआधी वाचायला हवं होतं. स्लीपिंग बॅगमधली पिसं अंगाच्या वजनानं खाली चेपतात, त्यांच्यात हवा उरत नाही, त्यामुळे पाठीखाली बॅग असून नसल्यासारखी. जमिनीची थंडी अडवायचं काम एकट्या मॅटचं. मॅट नुसती पोकळ असली तर आतली हवा खेळत राहते, आपण कूस बदलली की आणखी ढवळते आणि अंगाची ऊब बर्फाला नेऊन देते. म्हणून चांगल्या मॅटच्या आत चकचकीत पातळ पडदे असतात, नाहीतर कृत्रिम धाग्यांचा किंवा पिसांचा भराव असतो. ब्रँडेड मॅटची चुरचुर बऱ्याचदा त्या पडद्यांचीच असते. म्हणजे त्या विक्रेत्यानं आत काही नसल्याचाच गुण करून मला विकला होता! (भराव असलेली मॅटही आवाज करत नाही, त्यामुळे नुसत्या आवाजावरून निकाल लावू नका.)

आणि आर व्हॅल्यू हे ही थंडी अडवायच्या ताकदीचं माप. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं मोजायची. २०१८ मध्ये एएसटीएम एफ ३३४० हे मानक आलं. फुगवलेली मॅट ३५ अंशांच्या गरम पाटीखाली आणि ५ अंशांच्या गार पाटीवर ठेवतात, आणि वरची पाटी तेवढीच गरम राखायला किती वीज लागते ते मोजतात. बर्फावर झोपायचं तर साधारण पाच किंवा त्यावर हवी असं मानतात. चांगल्या फोमच्या मॅटची दोनच्या आसपास असते. दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची बेरीज होते, गाइडनं न बोलता केली तीच. माझी खरोखर ५.८ असती तर या बेरजेची गरजच पडली नसती. 'उणे २० डिग्री' हा तर या चाचणीतून निघणारा आकडाच नव्हे, तो कोणीही छापू शकतो.

पुण्यात आल्यावर विक्रेत्याला लिहिलं. उत्तर तयार होतं. "मॅडम, थंडीत हवा आकुंचन पावते, तुम्ही कमी भरली असेल." आकुंचन पावते हे खरंच, म्हणून मी दोन दिवस स्वतःलाच दोष देत बसले. मग, "तोंडानं फुगवली का? आत दमटपणा गेला असेल." तोंडानं फुगवू नये हेही खरं. पण त्यानं मॅट हळूहळू खराब होते, पहिल्याच रात्री बर्फासारखी गार पडत नाही. अर्धं खरं सांगणाऱ्याशी भांडणं फार कठीण.

मी सोडत नाही म्हटल्यावर म्हणाला, परत घेतो, पिकअपचे ४९९ भरा. भरले. न्यायला कोणी आलंच नाही. आठवड्यानं मेसेज आला, रिफंड मंजूर झालाय, क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका. मी फोन हातात घेतलाही होता. नवरा मागून म्हणाला, "अगं, पैसे यायचेत ना? मग पिन कशाला?" पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मी माझ्या आईला शंभरदा सांगितलंय.

त्याच संध्याकाळी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर फोन केला. पण ४९९ जाऊन आठवडा उलटला होता, आणि त्या नंबरवर जितक्या लवकर सांगाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. मग ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथल्या बाईंनी शांतपणे विचारलं, विक्रेत्याचं नाव, पत्ता? माझ्याकडे एक मोबाइल नंबर, तोही आता बंद. खोका शोधून काढला. कायद्यानं आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनला, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क असावा लागतो. ऑनलाइन विकणाऱ्यानं आपलं नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकारी दाखवायचा असतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते. माझ्या खोक्यावर पर्वताचं चित्र होतं आणि ५.८.

त्या रात्री कात्री घेतली आणि मॅटची एक कड कापली. आत टॉर्च मारला. दोन कापडं, मध्ये त्यांना जोडणाऱ्या चिकटपट्ट्यांच्या रांगा, बाकी सगळं मोकळं. अॅल्युमिनियम होतं, पण बाहेर. तळाच्या कापडाला दिलेला चंदेरी रंग. नखानं खरवडला तर निघून बोटाला लागला.

तुम्ही घेणार असाल तर आत काय भरलंय ते लेखी मागा आणि आर व्हॅल्यू कुठल्या मानकानं मोजली ते विचारा. टाळाटाळ झाली की तिथेच थांबा. मॅट हातात आली की मुदतीच्या आत अंधाऱ्या खोलीत फुगवा, एका बाजूला टॉर्च टेकवा आणि दुसऱ्या बाजूनं बघा, पातळ कापडाच्या मॅटमध्ये पडदा किंवा भराव बऱ्याचदा सावलीसारखा दिसतो. मी फ्रीजमधले आइस पॅकही खाली ठेवून बघितले, एकदा माझ्या मॅटखाली (कापायच्या आधी), एकदा मैत्रिणीच्या. माझ्या मॅटवर हाताला गारवा काही मिनिटांतच लागला, तिच्या मॅटवर लागलाच नाही. आणि जुनी कॅरीमॅट टाकून देऊ नका.

परवा मोबाइलवर तीच मुलगी परत दिसली, त्याच निळ्या तंबूत तीच कॉफी पिताना. पेजचं नाव वेगळं. मॅट आता ३,९९९ ला आहे आणि तिची आर व्हॅल्यू ६.८ झालीय.